समर्पण करायचं तर प्रयत्न नेमका कुठे सोडायचा?

नवसाधक:
पतंजलींच्या योगसूत्रांत एका जागी अडकलोय. १.१२ मध्ये (पहिला पाद, बारावं सूत्र) चित्त शांत करायला अभ्यास आणि वैराग्य हा उपाय. १.२३ मध्ये ईश्वरप्रणिधानानेही, म्हणजे सगळं ईश्वराला वाहण्यानेही, समाधी साधते असं म्हटलंय. आणि २.१ मध्ये तेच ईश्वरप्रणिधान तप-स्वाध्यायाच्या पंक्तीला बसवलंय. मग ते प्रयत्नाला पर्याय की प्रयत्नाचाच भाग? बैठकीतही हाच घोळ होतो. जोर लावला की कपाळ आवळतं, ‘त्याच्यावर सोपवलं’ म्हणून सैल सोडलं की पेंग येते. आणि करवता तोच असेल, तर बसायचं की नाही हे तरी माझ्या हातात आहे का?

सूत्रपाठी:
पर्याय आहे, पण आयता नाही. १.२३ वर थांबू नका, थोडं पुढे वाचा. १.२७ मध्ये प्रणव म्हणजे ॐ येतो, १.२८ मध्ये त्याचा जप आणि अर्थाची भावना. ईश्वरावर सोपवणाऱ्यालाही लगेच कामाला लावलंय. २.१ वरचं व्यासभाष्य, म्हणजे सूत्रांवरची जुनी टीका, तर स्वच्छच सांगतं: सगळ्या क्रिया परमगुरूला, म्हणजे ईश्वराला, अर्पण करणं, किंवा त्यांच्या फळाचा संन्यास. न केलेला जप कोणाला वाहणार?

आपल्याकडे पूजेत हे हातानेच करून घेतात. सुरुवातीला संकल्प: तिथी, वार, गोत्र, नाव आणि काय करणार ते उच्चारून उजव्या हातावरून पळीभर पाणी ताम्हनात सोडायचं. शेवटी पुन्हा तसंच पाणी सोडून ‘न मम’, ‘ब्रह्मार्पणमस्तु’. पहिलं पाणी ‘मी करीन’ म्हणून, दुसरं ‘हे माझं नाही’ म्हणून, आणि मधली पूजा कोणी गाळत नाही. जपालाही हीच चौकट घाला. बसण्याआधी आकडा ठरवा, सुरुवातीला १०८ ची एक माळ पुरे. मन लागो न लागो, आकडा पुरा करा. मन लागलं का, शांत वाटलं का, हा हिशेब अर्पणात जातो. बहुतेकांचं इथेच उलटं होतं: आकड्यात सूट घेतात आणि अनुभवाचा हट्ट धरतात.

आसनस्थ:
बैठकीपुरतं सांगतो. २.४७ मधलं प्रयत्नशैथिल्य, म्हणजे प्रयत्न सैल करणं, हे २.४६ मधल्या ‘स्थिर’ नंतरचं आहे. कणा सोडायचा नाही, बाकी सगळं सोडायचं.

घोंगडीची ३-४ इंच उंच घडी घाला आणि ती फक्त बैठकीखाली घ्या, मांड्यांखाली नको. गुडघे खुब्याच्या सांध्यापेक्षा खाली आले पाहिजेत. ते वर राहिले की कंबर मागे कलंडून गोल होते, तिला सावरायला पाठ आणि खांदे राबतात, थोड्याच वेळात दमतात आणि सगळं कोसळतं. छाती मिटते, श्वास उथळ होतो, मान पुढे लोंबते. पेंग पुष्कळदा इथूनच येते, श्रद्धा कमी पडली म्हणून नव्हे.

कणा उभा राहिला की दर श्वास सोडताना एकेक जागा सैल करा: भुवयांमधली जागा, जिभेचं मूळ, जबडा, खांदे, पोट, तळहात. मग पुन्हा वरून. कपाळ आवळतं ते बहुधा मिटल्या पापण्यांआड बुबुळं भ्रूमध्याकडे ताणली गेल्यामुळे. नजर जमिनीकडे उतरू द्या आणि श्वास मुद्दाम लांबवू नका.

तरीही पेंग आली तर डोळे अर्धे उघडा आणि मनातल्या मनात चाललेल्या मानस जपावरून उपांशूवर या, म्हणजे ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही. हटली नाही तर वाचिक, मोठ्याने. त्यानेही भागलं नाही तर उभं राहून आकडा पुरा करा. पोटभर जेवणानंतर तीन तास तरी बसू नका. १.३० मधल्या नऊ अंतरायांत, म्हणजे अडथळ्यांत, स्त्यान आणि आलस्य वेगळे मोजलेत: स्त्यान म्हणजे चित्तच कामाला लागत नाही, आलस्य म्हणजे शरीर आणि चित्त जडपणामुळे हलत नाहीत. उठल्यावर डोकं जड असेल तर त्या वेळाला समर्पण म्हणू नका, ती झोप होती.

गीतापाठ:
तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. ‘करवता तोच’ हे अर्धंच झालं. गीतेत १८.१४ मध्ये कर्माची पाच कारणं दिलीत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, करणं म्हणजे इंद्रियं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. कर्ता पाचांतला एक. सगळं त्याच्या हाती नाही, पण त्याला वगळलेलंही नाही. १८.१६ चा रोख ‘मी एकटाच करतो’ म्हणणाऱ्यावर आहे.

शेवटाकडचा क्रम बघा. १८.६१ मध्ये प्राण्यांना यंत्रावर बसवल्यासारखा फिरवणारा ईश्वर, १८.६२ मध्ये त्यालाच शरण जा, आणि लगेच १८.६३ मध्ये ‘यथेच्छसि तथा कुरु’, तुला हवं तसं कर. निवड काढून घेऊन शरणागती मागितलेली नाही. १८.७३ मध्ये अर्जुनाचं उत्तर ‘करिष्ये वचनं तव’, तू सांगशील ते करीन. शरण गेला आणि लढायला उभा राहिला!

रोजच्या सरावात ही निवडीची जागा चिंचोळी असते. राग उठला, मोबाइल बघावासा वाटला, हे संस्कारातून येतं, तिथे ताबा नाही. त्याच्यामागे जायचं की नाही, तिथे आहे. पतंजलींनी २.३३ मध्ये प्रतिपक्षभावना, म्हणजे उलट बाजूचा विचार मनात आणणं, तिथेच ठेवली. उठलेल्या विचाराबद्दल स्वतःला कोसणं आणि त्यामागे वाहून गेल्याचं खापर प्रारब्धावर फोडणं, दोन्ही टाळा.

इंद्रायणीकाठ:
वरचं पटलं, पण कृपेची बाजू राहिली. श्रीवैष्णवांत, म्हणजे दक्षिणेतल्या रामानुजांच्या संप्रदायात, यावरून दोन परंपरा झाल्या. वडकलै, वेदान्तदेशिकांची: माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, तेवढं तरी जीवाने करावं. तेनकलै, पिळ्ळै लोकाचार्यांची: मांजर पिल्लाला स्वतः उचलून नेते, पिल्लाने काही करायचं नाही. तेनकलैंच्या मते ‘मी शरण गेलो’ यालाच उपाय मानलं तर तोही एक प्रयत्नच झाला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण ‘समर्पण नीट झालं का’ हे तपासत बसण्यातूनही ताण येतो. पण त्यांनी पूजाअर्चा सोडली नाही. ती कैंकर्य म्हणून, सेवा म्हणून चालते, काही मिळवायला नव्हे.

‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणणारे तुकोबाच ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ म्हणतात. पहिलं पदरी पडलेल्या परिस्थितीबद्दल, दुसरं अभ्यासाबद्दल. आळशी माणूस यांची अदलाबदल करतो.

नवसाधक:
आकडा ठरवला आणि एखाद्या दिवशी राहिलाच तर? दुसऱ्या दिवशी दोन माळा करू का?

सूत्रपाठी:
नको. दुप्पट केली की ती फेड होते, घाईत उरकली जाते आणि तिसऱ्या दिवशी बसायचाच कंटाळा येतो. १.१४ मध्ये दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने असं म्हटलंय, भरपाईचा उल्लेख नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तीच एक माळ. वरचेवर राहत असेल तर आकडा किंवा वेळ तुमच्या दिवसात बसत नाहीये. निम्मी माळ करा, ५४, पण ती चुकवू नका.