मदत हवी आहे: अण्णांचं नेब्युलायझर, ३ टक्के सलाईन आणि फ्रिजमधली बाटली

तूस

नमस्कार. प्रश्न वडिलांसाठी आहे. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

अण्णा ६९ वर्षांचे. इचलकरंजीत उभा जन्म यंत्रमागावर गेला, शेवटची बरीच वर्षं जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारा, म्हणून. १९९४ मध्ये टीबी झाला होता. गोळ्या पूर्ण केल्या, बरे झाले, पण उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग जायबंदी झाला तो झालाच. दोन वर्षांपूर्वी सीटी स्कॅन केला तेव्हा 'ब्रॉन्किएक्टॅसिस' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. श्वासनळ्या जागोजागी फुगून सैल पडल्यात, त्यात कफ साचतो आणि साचला की पिकतो. रोज सकाळी अर्धी वाटी बेडका पडतो. उगाच आकडा फेकत नाहीये, आई वाटीच ठेवते.

दिवाळीनंतर छातीच्या डॉक्टरांनी घरी नेब्युलायझर घ्यायला सांगितलं. सकाळ-संध्याकाळ ३ टक्के सलाईन, ४ मिली. नाव ऐकून अण्णा भडकले, "माझ्यावर सलाईन लावायची वेळ आली होय?" हे हाताला लावायचं नाही, नाकातोंडाने घ्यायचं, हे समजावण्यात एक दिवस गेला.

पहिले दहा-बारा दिवस छोट्या प्लास्टिकच्या अँप्युल मिळाल्या. कफ चांगला सुटायचा, पण घेताना छाती आवळल्यासारखी व्हायची, खोकून खोकून जीव मेटाकुटीला. मग अँप्युल संपल्या. जवळच्या मेडिकलवाल्याने १०० मिलीची सलाईनची बाटली दिली. म्हणाला, "सलाईन ते सलाईन, सुईने काढून घाला, स्वस्त पडेल." अण्णांना हे एकदम मानवलं. छाती आवळत नाही, खोकला नाही, मशीन लावून निवांत टीव्ही बघतात. पण कफही सुटत नाही. बाटली फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. आज तिचा नववा दिवस. परवापासून बेडका हिरवट आहे आणि संध्याकाळी अंग कोमट लागतं.

मी पुण्यात, आईबाबा तिकडे. विचारायचंय ते असं: ती बाटली चालते का? परत ३ टक्क्यांवर जायचं म्हटलं तर छाती आवळते त्याचं काय? आणि मशीनचा कप धुवायचा कसा? आई चहाच्या कपांबरोबर विसळते आणि नळाखालीच पालथा घालते.

आजीचाबटवा

ताई, सलाईनच्या मागे कशाला लागता? मशीनमध्ये निलगिरीचे दोन थेंब आणि ओव्याचं गाळलेलं पाणी घाला. आमच्याकडे वर्षानुवर्षं वाफ घेतात, छाती मोकळी होते.

काळादगड

बटवा, कृपा करून असं सांगू नका. पातेल्यात ओवा घालून टॉवेलखाली वाफ घेणं वेगळं. नेब्युलायझरला आपण वाफ म्हणतो, पण ती वाफ नसतेच. ते गार धुकं असतं, त्याचे थेंब इतके बारीक की थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. तेल तिथे पोचलं तर ते बाहेर काढायला शरीराकडे सोय नाही, तेलाने होणारा न्यूमोनिया हा खरा आजार आहे. यंत्रात फक्त डॉक्टरांनी लिहिलेलं, निर्जंतुक आणि नेब्युलायझरसाठीच असलेलं औषध. घरी मीठ-पाणी उकळूनही नाही. नाकात घालायचे सलाईनचे थेंबही नाहीत, त्यातल्या काहींमध्ये परिरक्षक (टिकण्यासाठी घातलेलं रसायन) असतो, त्याने श्वासनळ्या आकसू शकतात.

औषधीकट्टा

बाटलीबद्दल. वीस वर्षं दुकान चालवतोय म्हणून सांगतो. तुमच्या बाटलीवरचं लेबल वाचा. तिथे ०.९ टक्के लिहिलेलं असणार. आम्ही तिला एनएस म्हणतो, नॉर्मल सलाईन. लिटरमागे ९ ग्रॅम मीठ, साधारण आपल्या रक्ताइतकंच. तुमच्या चिठ्ठीवरचं ३ टक्के म्हणजे लिटरमागे ३० ग्रॅम, जवळजवळ समुद्राइतकं खारट. "सलाईन ते सलाईन" म्हणणाऱ्या आमच्या जातभाईने तुमचं औषधच बदललं. खोकला थांबला आणि कफही थांबला, त्याचं कारण हेच दिसतंय.

दुसरं, त्या बाटलीत परिरक्षक नसतो. ती शिरेतून एकदा द्यायची आणि टाकायची म्हणून बनवलेली असते. सुई घातली की निर्जंतुकपणा संपला, फ्रिज तो परत आणत नाही. नऊ दिवसांची बाटली आत्ता, हे वाचता वाचता, फेकून द्यायला सांगा. ३ टक्के मोठ्या बाटलीतही मिळतं, त्यालाही हेच लागू. छोट्या अँप्युलच घ्या, एक फोडायची, उरलं तर ओतून टाकायचं. अगोदर फोन करून मागवून ठेवा, लहान गावात त्या कायम स्टॉकला नसतात.

फिजिओकुलकर्णीवाडी

मी छातीची फिजिओथेरपी करते. आधी तातडीचं: हिरवा बेडका आणि कोमट अंग यासाठी इथल्या उत्तरांची वाट बघू नका, उद्या डॉक्टर गाठा. बेडक्याची कल्चर तपासणी (त्यात कुठला जंतू वाढतो ते बघणं) आणि सोबत टीबीची तपासणीही मागा. जुना टीबी असला की नव्या कफाकडे पुन्हा त्या नजरेने बघावंच लागतं. सरकारी केंद्रात ती मोफत होते. निकाल येईपर्यंत मशीन खिडकी उघडून, नातवंडांपासून लांब. बेडक्यात रक्त दिसलं तर सलाईन तिथेच बंद आणि डॉक्टरांना फोन.

आता ३ टक्के काम कसं करतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात तळाशी पाणी सुटतं ना, तसंच. श्वासनळीच्या आतल्या थरावर खारट थेंब बसले की पाणी ओढलं जातं, चिवट कफ ओला होतो, सुटायला लागतो. पण तो आपोआप बाहेर येत नाही. पेशंट मशीन लावून टीव्ही बघतात आणि कप रिकामा झाला की उठतात, हे मी रोज बघते. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

अण्णांना ताठ बसवा, आडवं नाही. मास्कपेक्षा तोंडात धरायची नळी बरी, नाकात वाया जात नाही. संथ श्वास, मधूनमधून एक खोल घेऊन दोन-तीन सेकंद धरायचा. दहा-पंधरा मिनिटांत मशीन फुरफुरायला लागतं, तेव्हा कपाला टिचकी मारायची, पुन्हा फुरफुरलं की बंद. तळाला थोडं उरतंच, ते कोरडं होईपर्यंत बसायची गरज नाही. मग हफ. खोकायचं नाही. आरशावर वाफ सोडून तो पुसतो तसं तोंड उघडं ठेवून "हाऽऽ" करत हवा बाहेर ढकलायची. दोन हफ, मग शांत श्वास, पुन्हा दोन. कफ वर आला की एकच खोकला. खोकून मेटाकुटीला येणं म्हणजे पद्धत चुकतेय.

आणि छाती आवळण्याबद्दल एक प्रश्न. ३ टक्क्यांच्या आधी श्वासनळ्या उघडणारा पंप किंवा नेब्युलायझरचं औषध लिहून दिलेलं आहे का? आणि पहिला डोस दवाखान्यात, फुंकण्याची तपासणी (श्वास किती जोरात बाहेर टाकता येतो ते मोजणं) करून दिला होता का?

तूस

बाटली फेकली. आईने आधी कुंडीत ओतायला घेतली होती, तुळशीला मीठ नको म्हणून थांबवलं.

@फिजिओकुलकर्णीवाडी, पंप आहे हो चिठ्ठीवर. सालब्युटामॉल, २ पफ, "आधी". तुमचं वाचून आईला विचारलं तेव्हा कळलं की तो तिने पहिल्याच आठवड्यात बंद केला. शेजारच्या काकूंनी सांगितलं की पंपाची सवय लागते. वर अण्णांचा हात थरथरायचा, मग तिला खात्रीच पटली. मला कोणी सांगितलंच नाही. पहिला डोसही घरीच घेतला होता, मीच व्हिडिओ कॉलवर मशीन जोडून दाखवलं होतं.

फिजिओकुलकर्णीवाडी

मग तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आईंकडेच होतं. तीव्र सलाईनने श्वासनळ्या आकसू शकतात, म्हणून १०-१५ मिनिटं आधी पंप. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घेतला तर औषध घशात कमी आणि छातीत जास्त जातं. हाताचा थरथराट हा त्या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे, थोड्या वेळाने ओसरतो. फार धडधडलं तर डॉक्टरांना सांगा, स्वतः बंद करू नका. सवय वगैरे काही लागत नाही. आईंवर रागावू नका, हे मी डॉक्टरांच्या घरातही ऐकलंय.

खारावारा

माझ्या भाच्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे (जन्मजात आजार, यातही फुप्फुसांत चिकट कफ साचतो), तो ७ टक्के घेतो, समुद्राच्या दुप्पट. याची गोष्ट मजेदार आहे. ऑस्ट्रेलियात असं लक्षात आलं की हा आजार असलेली जी मुलं समुद्रात सर्फिंग करतात त्यांची छाती बरी राहते. त्यावरून पुढे ७ टक्के सलाईनची चाचणी झाली, २००६ मध्ये निकाल छापून आले, त्यात संसर्गाच्या उचली, म्हणजे आजार अचानक बळावणं, कमी झाल्या होत्या.

कप धुण्याबद्दल आमच्या घरचा शिरस्ता: प्रत्येक वेळी सगळे भाग सुटे करून साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचे. दिवसातून एकदा उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, पण फक्त जे भाग पुस्तिकेत उकळायला चालतात म्हटलंय तेच. मग स्वच्छ फडक्यावर उघडे वाळवायचे. वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं. ओलसर कपात स्यूडोमोनास नावाचा जंतू मजेत राहतो आणि तो या फुप्फुसांचा जुना वैरी. व्हिनेगरवर भिस्त ठेवू नका. हवेची नळी धुवायची नाही. आत थेंब दिसले तर ती मशीनला तशीच जोडून, कप काढून, मिनिटभर नुसतं मशीन चालू ठेवायचं.

नळाखाली पालथा कप मात्र नको. नळाचं शेवटचं पाणी बेसिनमध्ये न जाता अण्णांच्या छातीत जातंय असं समजा.

शंकासुर

सगळे ३ टक्क्यांच्या आरत्या ओवाळताय म्हणून दुसरी बाजू. सिस्टिक फायब्रोसिसचा निकाल जसाच्या तसा ब्रॉन्किएक्टॅसिसला लागू होत नाही. ब्रिटनमध्ये याच आजाराच्या रुग्णांवर ६ टक्के सलाईनची वर्षभराची चाचणी झाली, २०२५ मध्ये छापली गेली. उचलींची संख्या ठळकपणे कमी झाली नाही. आणि आपल्याकडची कथा वेगळीच. २०१९ मध्ये छापलेल्या भारतीय नोंदणीत २,१९५ रुग्ण होते, त्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक जणांना हा आजार टीबीच्या मागून आला होता, अण्णांसारखाच. युरोपातल्या रुग्णांचं चित्र तसं नाही. तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. कफ सुटून पडत असेल, दिवस बरा जात असेल तर घ्या, दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारा की चालू ठेवायचं का.

काळादगड

@शंकासुर, मुद्दा रास्त आहे. पण अण्णांनी अजून ते नीट घेतलंच कुठे? आधी पंपाशिवाय, मग भलतंच.

काचबिंदूवाली

अवांतर, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. माझ्या सासूबाईंना काचबिंदू आहे. त्या ड्युओलिन (श्वासनळ्या उघडणारं नेब्युलायझरचं औषध) मास्कने घ्यायच्या आणि मास्क सैल, सगळं धुकं डोळ्यांवर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. त्यातल्या इप्राट्रोपियमने डोळ्यातला दाब वाढू शकतो. तोंडातली नळी लावली, प्रश्न मिटला. बुडेकॉर्ट (नेब्युलायझरचं स्टेरॉइड) घेणाऱ्यांनी नंतर चूळ भरा, मास्क असेल तर तोंडही धुवा.

तूस

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. गावी गेले होते.

टीबीची तपासणी निगेटिव्ह आली, मोठं ओझं उतरलं. कल्चरमध्ये स्यूडोमोनास निघाला. @खारावारा, तुमचं ते वाक्य मला तेव्हा दहा वेळा आठवलं. डॉक्टर म्हणाले, कपातून आला की आधीपासून होता हे सांगता येत नाही, अशा फुप्फुसांत तो एरवीही शिरतो. आईसमोर म्हणाले म्हणून बरं झालं, ती रडकुंडीला आली होती. १४ दिवस गोळ्या झाल्या. बेडका आता पिवळट-पांढरा, ताप नाही.

३ टक्क्यांचा पहिला डोस या वेळी ओपीडीत दिला. आधी २ पफ, पंधरा मिनिटं थांबून फुंकणं मोजलं, मग सलाईन, मग पुन्हा फुंकणं. आकडा फारसा घसरला नाही, छाती आवळली नाही. अण्णांचा चेहरा मात्र असा की जणू मागाचा धोटा पहिल्यांदा सरळ गेला.

हफचं प्रशिक्षण मी दिलं. आरसा हातात दिला तर म्हणाले, "दाढी करू का?" आता सकाळी सहाला मशीनची घरघर, त्यानंतर "हाऽऽ, हाऽऽ". खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आईला विचारलं, अण्णा योगासनं करतात का.

एक गोष्ट राहिली. मशीनच्या बाजूला हवा आत घेण्याचं गोल झाकण आहे. नाण्याने फिरवून उघडलं. आतलं फिल्टर पांढरं असायला हवं, ते राखाडी झालं होतं आणि त्यावर बारीक सुताचा थर, बोटाने सोलून काढता येईल इतका. समोरच्या गाळ्यात अजून चोवीस माग चालतात आणि मशीन खिडकीत ठेवलेलं होतं. आता आतल्या खोलीत हलवलंय. पुस्तिकेत म्हटलंय की फिल्टर धुवायचं नाही, बदलायचं. हे सुटे फिल्टर कोल्हापूर-सांगलीकडे कुठल्या प्रकारच्या दुकानात मिळतात, सर्जिकलवाल्याकडे की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावं लागतं? आणि मागांच्या गल्लीत राहणाऱ्यांनी ते किती दिवसांनी बदलावं?