चादरीवर समुद्र विणायचाय, पण कुणाचा?

निळं_सूत: नमस्कार. सोलापुरात पूर्व भागात राहते, चादरींच्या डिझाइनचे ग्राफ काढते. मोर, फुलं, चौकडी डोळे मिटून जमतात. आता घरासाठी एकच चादर करायचीय, समुद्राची.

कारण अम्मा. गेल्या श्रावणात महिला मंडळाच्या बसनं गणपतीपुळ्याला गेली. ६२व्या वर्षी पहिल्यांदा समुद्र. घोटाभर पाण्यात उभी राहिली ती हलेचना, बायका हाका मारून दमल्या. घरी नान्नांनी, म्हणजे वडिलांनी, विचारलं, "रंग कसा होता?" म्हणाली, "मातीचा. हिप्परग्याच्या तळ्यात पहिल्या पावसाचं पाणी येतं तसा. पण हा श्वास घेतो." नान्नांनी ४० वर्षं माग चालवला, समुद्र कधी पाहिला नाही. त्यांचा समुद्र गडद निळा, त्यातून ते हटत नाहीत. मला दोघांचंही खरं वाटतं.

तीन ग्राफ काढले, तिन्ही कॅलेंडरसारखे झाले. फाडले. होकुसाई या जपानी चित्रकाराची १८३१च्या सुमाराची ती प्रसिद्ध लाट रोज बघते. त्यात लाटेआधी मला होड्यांत वाकलेली माणसं दिसतात. मला माणूस काढायचा नाही, पण अम्माचं ते उभं राहणं यायला हवं. कसं आणू?

रेघोट्या: मी चित्रकला शिकवते. लाट काढूच नका. हिरोशी सुगिमोतो हे जपानी छायाचित्रकार १९८०पासून जगभरचे समुद्र टिपत आलेत. कृष्णधवल, मधोमध क्षितिज, वर हवा, खाली पाणी. होडी नाही, पक्षी नाही. समोर उभं राहिलं की आपणच काठावर असतो. अम्मांची जागा तीच.

देवगडकर: दोघंही बरोबर आहेत हो. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, लाटा वाळू ढवळतात, किनाऱ्याचं पाणी मातकटच असतं. मार्गशीर्षात नान्नांना घेऊन जा, निळं दिसेल.

जुना_जेकार्ड: पोरी, चादर दुपदरी घे. एका अंगाला निळं असेल तिथं दुसऱ्या अंगाला मातकट येतं, ग्राफ एकच. मधोमध आडवी रेघ, वर मातकट, खाली निळं. उलटली की निळं आभाळ आणि अम्माचं पाणी. पण एवढे मोठे सपाट पट्टे ठेवलेस तर दोन पदर सुटे राहतील, झोळ येईल. मधे मधे बारीक टिपके टाकून पदर बांधून घे. पाण्यातले टिपके रेघेजवळ दाट, खाली येताना विरळ. लांबून पाणी हलल्यासारखं दिसेल. श्वास म्हणाली ना ती, तो तिथं येईल.

निळं_सूत: काका, रात्री घरात वाचून दाखवलं. नान्ना काहीच बोलले नाहीत. उठून मातकट सुताच्या तीन छटा आणल्या आणि अम्मापुढे ठेवल्या. तिनं तिन्ही पाण्यात बुडवल्या, पिळल्या, दिव्याखाली धरल्या. मग मधली उचलून त्यांच्या हातात दिली.