टीव्हीतली बेल वाजली की ब्रूनो का भुंकतो? : आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

*मेधाकाकू, बी-५०३*
सर्वांना नमस्कार. ही तक्रार नाही, विचारणा आहे. वरच्या मजल्यावरचा ब्रूनो दिवसभर अगदी शांत असतो, मात्र संध्याकाळी मालिका सुरू झाल्या की भुंकू लागतो आणि त्या संपल्या की आपोआप गप्प होतो. सासूबाईंच्या जपाची वेळ नेमकी तीच असल्याने त्यांचे लक्ष विचलित होते. पण त्याहून जास्त त्यांना काळजी वाटते ती ब्रूनोची, की हा जीव रोज एवढा कशाने अस्वस्थ होतो. टीव्हीत त्याला काय दिसत असेल, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावे.

*निखिल, बी-६०३*
काकू, आजींना होणाऱ्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागतो. आम्हीही गोंधळलो आहोत. तो आधी पडद्यासमोर उभा राहून भुंकतो, मग टीव्ही आणि भिंत यांच्यातल्या फटीत नाक खुपसतो आणि शेवटी मुख्य दाराशी जाऊन उंबऱ्यालगतची हवा हुंगत बसतो. आईच्या मते त्याला मालिकेतली भांडणे सहन होत नाहीत. मृणालताई, आपण पशुवैद्यक आहात, आपले मत कळले तर बरे होईल.

*डॉ. मृणाल, ए-११०४*
निखिल, तू केलेल्या वर्णनातच बरेचसे उत्तर आहे. भिंतीच्या फटीत नाक खुपसणे आणि दाराशी जाऊन हुंगणे, या दोन्ही कृतींत ब्रूनो आवाजाचा उगम शोधतो आहे. भिंतीवर लावलेल्या बहुतेक टीव्हींचे स्पीकर खालच्या किंवा मागच्या बाजूला असतात, त्यामुळे चित्र समोर दिसते आणि आवाज भिंतीकडून येतो. मालिकांमध्ये दाराची बेल वारंवार वाजते आणि ती आपल्या घरांतल्या बेलसारखीच असते. बेल वाजली म्हणजे दारात कोणीतरी आले, हे ब्रूनो लहानपणापासून शिकलेला आहे. तो दाराशी धावतो, पण दार उघडत नाही, कोणी आत येत नाही आणि फटीतून कोणाचा वासही येत नाही. कुत्र्याच्या लेखी एखाद्या गोष्टीची खातरजमा वासाने होते आणि टीव्ही ती कधीच होऊ देत नाही. त्याला इशारा मिळतो पण उलगडा होत नाही, म्हणून तो भुंकत राहतो. भांडणांचा राग येतो असे मला वाटत नाही, मात्र चढ्या आवाजातले संवाद आणि अचानक वाढणारे पार्श्वसंगीत यांनी त्याच्या अस्वस्थतेत भर पडत असणार.

अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४५३ कुत्र्यांच्या टीव्ही पाहण्याच्या सवयींविषयी त्यांच्या मालकांकडून माहिती घेतली होती. त्यात स्वभावाचा फरक ठळकपणे दिसला. उत्साही, चटकन उत्तेजित होणारी कुत्री पडद्यावरून बाहेर गेलेली वस्तू पडद्याच्या पलीकडे शोधत होती, तर भित्र्या, काळजीखोर कुत्र्यांची प्रतिक्रिया बेल, गाड्यांचे हॉर्न अशा आवाजांना अधिक होती. ब्रूनो मला दुसऱ्या गटातला वाटतो. लिफ्टमध्येही तो नेहमी निखिलच्या पायामागे उभा असतो.

*अरविंदकाका, सी-१००१*
मृणालताई, आमच्या ठाण्याच्या जुन्या घरी मोठ्या डब्यासारखा टीव्ही होता, तेव्हा आमची कुत्री त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. आताची कुत्री पाहतात. कुत्री बदलली की टीव्ही बदलले?

*डॉ. मृणाल, ए-११०४*
काका, टीव्ही बदलले, आणि हा बदल कुत्र्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. डोळ्यासमोर एखादा दिवा भराभर लागत-विझत असेल, तर एका ठराविक वेगानंतर तो आपल्याला सलग लागलेला दिसतो. माणसात ही मर्यादा सेकंदाला साधारण ६० लुकलुकींच्या आसपास येते, कुत्र्यात ती ७० ते ८० पर्यंत जाते. आपल्याकडच्या जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ५० वेळा उजळून विझत असे. आपल्याला त्यात जेमतेम थरथर जाणवायची, कुत्र्याला मात्र तो पडदा सतत लुकलुकणारा दिसत असणार आणि त्यात हालणारे जनावर ओळखणे अवघड जात असणार. शिवाय त्या टीव्हीतून १५,६२५ हर्ट्झची एक बारीक शिट्टी सतत येत असे. वय झालेल्या माणसांना ती ऐकू येत नव्हती, लहान मुलांना आणि कुत्र्यामांजरांना मात्र येत होती. आताच्या सपाट पडद्यावरचे चित्र दोन क्षणांच्या मध्ये विझत नाही, त्यामुळे त्यावरची हालचाल प्राण्यांनाही बऱ्यापैकी सलग दिसते.

रंगांबाबत एक गैरसमज अजून ऐकू येतो, तो म्हणजे कुत्र्याला सगळे काळेपांढरे दिसते. तसे नाही. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यात दोन प्रकारच्या. निळा आणि पिवळा रंग त्याला चांगले वेगळे दिसतात, तांबडा आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. क्रिकेटचा सामना लागला की भारतीय संघाची निळी जर्सी हिरव्या मैदानावर त्याला उठून दिसते. कसोटीतला लाल चेंडू मात्र त्याला रंगाने वेगळा काढता येत नाही, उजेडातला फरक आणि वेग यांच्यावरच त्याची भिस्त असते. एकदिवसीय सामन्यातला पांढरा चेंडू त्याहून सोपा.

*निखिल, बी-६०३*
ताई, पडद्यावरचा कुत्रा हा कुत्राच आहे, हे त्याला खरोखर कळते का? तिथे तर वासही नसतो.

*डॉ. मृणाल, ए-११०४*
कळते, आणि हे प्रयोगांतून दिसले आहे. फ्रान्समधील संशोधकांनी २०१३ मध्ये नऊ कुत्र्यांना पडद्यावर वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांचे चेहरे आणि इतर प्राण्यांचे चेहरे दाखवले. त्या नऊच्या नऊ कुत्र्यांनी आपल्या जातभाईंचे चेहरे केवळ नजरेने निवडले, मग ते लांब नाकाचे असोत वा चपट्या. त्याआधी २००३ मध्ये हंगेरीत माणसाचे पूर्णाकृती चित्र पडद्यावर टाकून पाहिले होते, तेव्हा त्या चित्रातल्या माणसाने ज्या बाजूला हात दाखवला त्या बाजूला कुत्री गेली. त्यामुळे कुत्र्याला पडदा म्हणजे नुसती रंगांची हालचाल वाटते, असे कोणी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही. पडद्यावर काय आहे हे त्याला बऱ्याच अंशी कळते. ते या खोलीत नाही, हे त्याला कोणी सांगू शकत नाही, आणि आपण ब्रूनोच्या बाजूने विचार करायचा तो इथे.

*सुलभाताई, सी-२०२*
चर्चा वाचून विचारावेसे वाटले. आमची मनी मोबाईलवर चिमण्यांचे व्हिडिओ लावले की पंजे मारते. शेपटीचे टोक हलते, दात कडकड वाजवते. नातवंडांना ते फार आवडते, म्हणून शाळेतून आले की रोज लावतात. यात तिला काही अपाय आहे का?

*डॉ. मृणाल, ए-११०४*
सुलभाताई, रोज लावू नये, आणि लावलाच तर शेवटी तिच्या पंजात काहीतरी खरे पडले पाहिजे. मांजराची शिकार टक लावणे, दबा धरणे, झेप घेणे, पकडणे, चावणे अशी पायरीपायरीने होते. व्हिडिओ तिला झेपेपर्यंत नेतो आणि तिथेच सोडतो, कारण पंजाला गुळगुळीत काच लागते. साधारण एक वीत अंतराच्या आतले मांजराला नीट दिसत नाही, तिथे ते मिशांनी आणि पंजांनी अंदाज घेते. मिशांना पिसे लागत नाहीत, नाकाला वास येत नाही. आवाजही अर्धाच असतो. मांजराला ६०,००० हर्ट्झच्याही वरचे ऐकू येते, उंदरांचे आपापसांतले बरेचसे आवाज त्याच वरच्या पट्टीतले असतात, आणि मोबाईलचे किंवा टीव्हीचे स्पीकर माणसाच्या कानाच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे २०,००० हर्ट्झपर्यंतच काय ते ऐकवतात. अशी अर्धवट शिकार रोज झाली की काही मांजरे चिडचिडी होतात, भिंतीवरच्या सावल्या धरू पाहतात.

नातवंडांना सांगा, की व्हिडिओ थोडाच वेळ लावायचा, बंद करताना दोरीला बांधलेली कापडी चिंधी तिच्यापुढून ओढायची, ती तिला पकडू द्यायची आणि मग खाऊ द्यायचा. मुलांना त्यात अधिक मजा येईल याची मला खात्री आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाने २००८ मध्ये निवाऱ्यातल्या १२५ मांजरांपुढे टीव्ही लावून पाहिला होता. पक्षी आणि उंदीर असलेल्या चित्रांकडे त्यांचे लक्ष अधिक गेले, तरी सगळे मिळून मांजरांनी पडद्याकडे पाहण्यात निरीक्षणाच्या वेळेपैकी जेमतेम ६ टक्के वेळ घालवला आणि तेवढेही पुढे कमी होत गेले. आपल्या सी विंगच्या खिडक्या येऊरच्या डोंगराकडे आहेत. खिडकीला पक्की जाळी असेल तर कठड्यावर मनीसाठी एक पाट ठेवा. बुलबुल, दयाळ, खारी यांची ये-जा, त्यांचा खरा आवाज आणि वाऱ्याबरोबर येणारा वास यांपुढे कोणताही व्हिडिओ फिका आहे. आणि भिंतीवरचा टीव्ही ब्रॅकेटला घट्ट आवळलेला आहे ना, हे आजच पाहा. टेबलावर नुसता उभा असेल तर मांजराच्या एका झेपेने तो मुलांच्या अंगावर येऊ शकतो.

*निखिल, बी-६०३*
ताई, आता ब्रूनोसाठी नेमके काय करू? टीव्ही कायमचा बंद करणे आईला जमणार नाही.

*डॉ. मृणाल, ए-११०४*
बंद करण्याची गरज नाही. पहिले काम, आजच्या आज, आवाज कमी करा. कुत्र्याला कमी आवाज पुरतो, आईंना कमी पडत असेल तर त्यांनी हेडफोन लावावा. दुसरे, मालिकेच्या वेळी ब्रूनोला आतल्या खोलीत चावायला एखादे खेळणे देऊन कोणीतरी सोबत बसा. एकट्याला कोंडू नका, त्याने भीती वाढते. तिसरे काम चिकाटीचे आहे. मोबाईलवर बेलचा आवाज ध्वनिमुद्रित करा आणि तो मालिकेच्या वेळेखेरीज, जेमतेम ऐकू येईल इतका हळू वाजवा. वाजला की लगेच त्याच्या आवडीचा तुकडा द्या. तो शांत राहिला तरच पुढच्या वेळी आवाज किंचित वाढवा. कान मागे गेले, जीभ वारंवार ओठांवरून फिरू लागली किंवा त्याने खाऊ नाकारला, तर समजा की आपण घाई केली, आणि एक पायरी खाली या. भुंकल्यावर ओरडू नका. त्याच्या दृष्टीने घरातली माणसेही बेलला घाबरून आवाज करत आहेत, असाच त्याचा अर्थ होतो.

आणखी एक. आपल्यापैकी बरेच जण कामावर जाताना सोबत म्हणून टीव्ही चालू ठेवून जातात. कुत्र्यांसाठी निळ्या-पिवळ्या रंगांवर भर देणारी खास वाहिनीही अमेरिकेत २०१२ पासून आहे. संथ संगीत किंवा नेहमीचे बोलणे काही कुत्र्यांना निश्चित शांत करते, पण आपण घरात असताना ते आधी लावून पाहावे आणि कुत्रा झोपतो की येरझाऱ्या घालतो हे बघून ठरवावे. बातम्यांची वाहिनी लावून दार ओढून घेणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

*अरविंदकाका, सी-१००१*
शेवटचा प्रश्न. नातीला पोपट हवा आहे आणि तो टीव्ही पाहून बोलायला शिकतो असे तिने कुठेतरी ऐकले आहे.

*डॉ. मृणाल, ए-११०४*
काका, आपला हिरवा मिठू पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे तो विचार आधीच सोडून द्या. बजरीगर हे छोटे ऑस्ट्रेलियन पोपट पाळता येतात, पण त्यांना टीव्हीपुढे बसवू नये. पक्ष्यांच्या डोळ्यात रंगांच्या पेशी चार प्रकारच्या असतात आणि त्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. आपला पडदा तांबडा, हिरवा आणि निळा एवढ्याच प्रकाशावर चालतो, त्यामुळे दुसऱ्या बजरीगरची पिसे त्यावर त्यांना चुकीच्या रंगाची दिसत असणार. काही लहान पक्ष्यांना सेकंदाला १०० हून अधिक लुकलुकीही वेगवेगळ्या जाणवतात. २०२३ मध्ये १८ पाळीव पोपटांना एकमेकांना व्हिडिओ कॉल करायला शिकवण्याचा प्रयोग झाला होता, पण त्यात समोर जिवंत पक्षी होता, कॉल पाच मिनिटांत संपवत आणि पक्षी बिचकला की माणूस तो लगेच बंद करत असे. नातीला बजरीगर घ्यायचेच असतील तर जोडी घ्या आणि बोलणे तिने स्वतः, पिंजऱ्याजवळ बसून शिकवावे.

*मेधाकाकू, बी-५०३*
मृणालताई, सविस्तर उत्तराबद्दल आभार. निखिल, सासूबाईंनी विचारले आहे की बेलचा सराव दुपारी चारला केलास तर चालेल का. त्या वेळी त्या जाग्या असतात, आवाज खाली किती येतो तेही त्यांना सांगता येईल आणि ब्रूनोसाठी उकडलेला रताळ्याचा तुकडा त्या रोज वर पाठवतील.

*निखिल, बी-६०३*
चालेल काकू. उद्यापासून चार वाजता सुरू करतो.