चर्चा: मानद कार्यवाहाला मुदत हवी आणि तासांची मर्यादाही हवी. पटतं का?

घाटमाथा

आमच्या तालुक्याच्या गावात ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. तीच संस्था दर जानेवारीत सात दिवसांची व्याख्यानमाला भरवते. मी तिथं सात वर्षं मानद कार्यवाह आहे. पोटापाण्याला बँकेत नोकरी. संध्याकाळी साडेसहाला बँकेतून सुटायचं, सात ते नऊ वाचनालय, आणि नऊनंतर फोन. मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला, वर्गणी देऊन पावती न मिळालेले, पावती मिळून नाव चुकलेले.

गेल्या जानेवारीत चौथ्या दिवसाचे वक्ते आदल्या रात्री येणार होते. गाडीला तीन तास उशीर. रात्री साडेअकराला मी फलाटावर थर्मास घेऊन उभा, आणि मुलीचा फोन आला. दहावीची पूर्वपरीक्षा, दुसऱ्या दिवशी गणित. त्रिकोणमितीतली दोन उदाहरणं समजावून देतो असं मी तिला सकाळी सांगितलं होतं. ती चिडली नाही. “बरं, मी आईला विचारते,” एवढंच म्हणाली. तिची आई मराठी शिकवते.

त्या रात्रीपासून माझं मत पक्कं झालं आहे. मानद पदाला मुदत हवी आणि तासांची मर्यादाही हवी, आणि ती तोंडी नको, संस्थेच्या घटनेत लिहिलेली हवी. कार्यवाह दोन वर्षं, सलग दुसऱ्यांदा नाही. आठवड्याला सहा तास. रात्री नऊनंतर संस्थेचा फोन घ्यायचा नाही, फक्त व्याख्यानमालेच्या सात दिवसांपुरती सूट.

यात जगावेगळं काही नाही. रोटरी क्लबात दर १ जुलैला नवा अध्यक्ष येतो. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जातं. पुणे, मुंबई, नागपूर, मराठवाडा असं फिरत राहतं. एवढ्या मोठ्या संस्थांना हे जमतं, मग पाचशे सभासदांच्या वाचनालयाला का जमू नये?

जुनंखोड

अजिबात पटत नाही. मी एकतीस वर्षं अशाच एका संस्थेचं काम केलं, त्यातली अठरा वर्षं कार्यवाह होतो. घड्याळ लावून संस्था उभी राहत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा ते सरकारी नोकरीत न्यायाधीश होते. त्यांनाही दिवसभर कचेरी होतीच की.

संस्था म्हणजे शेवटी ओळखी. आमच्या गावातल्या मंगल कार्यालयाचे मालक सात दिवस सभागृह फुकट देतात, ते संस्थेच्या लेटरहेडकडे पाहून देत नाहीत. त्यांच्या वडिलांच्या आजारपणात मी दवाखान्यात रात्री काढल्या आहेत. दोन वर्षांनी नवा माणूस जाऊन “मी आता कार्यवाह” म्हणाला, तर ते चहा पाजतील आणि भाड्याचा दर सांगतील.

आणि दुसरं. तुम्ही धरून चालला आहात की नोकरी एक ओझं आणि संस्था हे त्यावर दुसरं. माझं उलट होतं. कचेरीत मी तीस वर्षं आवक-जावक लिहिली. संध्याकाळी वाचनालयाचं कुलूप काढलं की माझा दिवस सुरू व्हायचा. संस्थेनं माझ्या आयुष्याचा तोल बिघडवला नाही, तो सांभाळला. मला कोणी सहा तासांची मर्यादा घातली असती, तर मी उरलेल्या वेळात काय केलं असतं?

माजघर

काका, तुमच्यासारख्याच एका कार्यकर्त्याची मी मुलगी आहे. माझे बाबा गणेशोत्सव मंडळाचे चिटणीस होते, बावीस वर्षं. त्यांच्याबद्दल मला अभिमान आहे, तरी हे लिहिते आहे.

आमचं घर दोन खोल्यांचं. मंडळाच्या बैठका आमच्याकडेच व्हायच्या, कारण चिटणीसाचं घर. पावतीपुस्तकं पलंगाखाली. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दानपेटीतली नाणी चादरीवर ओतून मोजायची, रुपये वेगळे, दोन रुपये वेगळे, आणि तोवर आम्हा भावंडांनी स्वयंपाकघरात बसायचं. श्रावण लागला की आई पोह्यांचा डबा भरून ठेवायची. पंधरा-वीस माणसांचा चहा, आठवड्यातून तीनदा. गॅस आमचा, दूध आमचं, कपबशा विसळणारे हात आईचे. मंडळाच्या एकाही वार्षिक अहवालात तिचं नाव नाही. मी सगळे अहवाल शोधून पाहिले आहेत.

घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं असं आपण कौतुकानं म्हणतो. भाकऱ्या थापत कोण होतं, ते एकदा बघा.

घाटमाथा, तुमची तासांची मर्यादाही मला पुरेशी वाटत नाही. बाबांनी सहा तासच काम केलं असतं आणि ते घरात बसून केलं असतं, तरी आईचे बारा तास गेलेच असते. घटनेत लिहायचंच असेल तर हे लिहा: बैठक पदाधिकाऱ्याच्या घरी घ्यायची नाही. शाळेचा वर्ग मागा, देवळाचा सभामंडप मागा, काहीही करा.

ताळेबंद

मी लहान न्यासांचे हिशेब बघतो. तुम्ही सगळे मनाबद्दल बोलताय, मी कागदाबद्दल बोलतो, कारण माणूस पदात अडकतो तो बऱ्याचदा कागदामुळे.

नवी कार्यकारिणी निवडली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो. तो द्यायचा राहून जातो. मग पुढची निवडणूक, तोही राहतो. माझ्याकडे एक संस्था आली तेव्हा तिच्या पीटीआर उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यास नोंदवहीच्या उताऱ्यावर, सात नावं होती आणि त्यातली तीन माणसं हयात नव्हती. बँक म्हणाली, सही बदलायची तर उतारा आणा. उताऱ्यावर नवी नावं नाहीत. म्हणून ऐंशी वर्षांचे जुने खजिनदार रिक्षानं येऊन धनादेशांवर सह्या करत होते. त्यांना कोणी मोठेपणासाठी थांबवलं नव्हतं, सुटायची वाटच नव्हती.

तेच आयकराचं. संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता, असेल तर देणगीदारांचं विवरण, फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत भरायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल कोणाचा? ज्यांनी पहिल्यांदा नोंदणी केली त्यांचा. त्यांनी पद सोडून चार वर्षं झाली, मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले, तरी ओटीपी त्यांनाच जातो आणि खजिनदार त्यांना दुपारी झोपेतून उठवतो.

तेव्हा दोन वर्षांचा नियम करायच्या आधी स्वतःचा पीटीआर उतारा काढून बघा, त्यावर कोणाची नावं आहेत ते. आणि संस्थेच्या नावानं एक सिमकार्ड घ्या. काम किरकोळ आहे, पण यानं जेवढी माणसं मोकळी होतील तेवढी तासांच्या नियमानं होणार नाहीत.

मिशिगनकर

आमच्या इथल्या मराठी मंडळात घाटमाथा म्हणतात तोच नियम कित्येक वर्षं आहे. कार्यकारिणी दरवर्षी बदलते. नोकरी आणि मुलं सांभाळून कोणी दोन वर्षं द्यायला तयारच नसतं, म्हणून एक वर्ष. त्याचं काय झालं ते सांगतो.

अमेरिकेत ज्या लहान ना-नफा संस्थेची वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असते तिला ९९०-एन नावाचा फॉर्म भरावा लागतो. ऑनलाइन, दहा मिनिटांचं काम. पण सलग तीन वर्षं चुकला तर करमाफीचा दर्जा आपोआप रद्द होतो. आमच्या मंडळात तीन वर्षांत तीन कार्यकारिण्या झाल्या. प्रत्येकीला वाटलं, आधीच्यांनी भरला असेल किंवा पुढचे भरतील. दर्जा गेला. आम्हाला कळलं ते एका देणगीदाराच्या कंपनीनं त्याच्या देणगीला जोड म्हणून स्वतःची रक्कम द्यायला नकार दिला तेव्हा.

पुन्हा अर्ज करण्याचं सगळं काम एकाच माणसावर पडलं, बारा वर्षांपूर्वी खजिनदार असलेल्या आमच्या एका मित्रावर. त्यानं त्यासाठी नोकरीतून रजा काढली. त्या वर्षी तो पदावर नव्हताही. मुदत छोटी केली की काम वाटलं जातं असं दिसतं, प्रत्यक्षात ज्याला सगळं आठवतं त्याच्याच गळ्यात ते येतं.

माझं मत: तास कमी करा, मुदत नको. निदान खजिनदाराला तरी नको.

पहिलीपाळी

मी चोवीस वर्षांचा आहे. चाकणला कंपनीत पाळीवर काम करतो. एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी. गावच्या व्याख्यानमालेला मी सोळाव्या वर्षापासून खुर्च्या लावतो.

प्रत्येक वार्षिक सभेत ऐकतो की तरुण पुढे येत नाहीत. आठ वर्षांत मला एकदाही कोणी विचारलं नाही की वक्ता कोण बोलवूया. सतरंज्या उचलायला मात्र फोन येतो. मागच्या वर्षी मी म्हटलं, भाषणं मोबाइलवर थेट दाखवू, माझ्याकडे माइक आहे, खर्च शून्य. उत्तर आलं, बघू पुढच्या बैठकीत. पुढची बैठक बुधवारी संध्याकाळी सहाला होती, माझी दुसरी पाळी.

घाटमाथा, तुमचे आठवड्याचे सहा तास मलाही जमणार नाहीत. कार्यवाह तर मी होऊच शकत नाही. मला पद नको. मला असं एक काम द्या ज्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. “सात भाषणांचं ध्वनिमुद्रण तुझं,” एवढं सांगा आणि मध्ये विचारू नका. मी रात्रपाळीहून येऊन ते करीन. एका कार्यवाहाच्या पोटात सगळं कोंबायचं आणि मग त्याचे तास मोजायचे, यापेक्षा त्या कामाचे दहा तुकडे करा.

जुनंखोड

पहिलीपाळी, तुझं बरोबर आहे. आमच्याकडेही बैठका सहालाच असायच्या, कारण आम्हा सगळ्यांच्या कचेऱ्या साडेपाचला सुटायच्या. पाळीतला माणूस कसा येईल, हा विचार आमच्या डोक्यात कधी आलाच नाही.

माजघर, तुमचं लिहिणं मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. ही म्हणाली, “पोहे नव्हते, उपमा होता.” पुढे काही बोलली नाही. मी त्यावर अजून विचार करतो आहे.

मुदतीला माझा विरोध कायम आहे. सभागृहाच्या मालकांचं उदाहरण मी उगाच दिलेलं नाही.

घाटमाथा

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. ताळेबंद यांनी सांगितल्यावर काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमचा पीटीआर उतारा मिळवला. २०१४ सालची नावं आहेत. सात विश्वस्तांपैकी दोघं वारले, एक पुण्याला गेले. म्हणजे मधल्या दोन निवडणुकांचे बदल अर्ज गेलेलेच नाहीत. सात वर्षं कार्यवाह मी आहे, तेव्हा ही चूक माझी. गाड्यांची वेळापत्रकं मला पाठ होती आणि हे राहिलं.

मिशिगनकर, तुमचा मुद्दा मान्य. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे त्यात बदल करतो: कार्यवाह दोन वर्षं, खजिनदार चार, आणि दोघं एकाच वर्षी बदलायचे नाहीत. जाणाऱ्या कार्यवाहानं पुढची एक व्याख्यानमाला नव्याच्या सोबत राहायचं. जुनंखोड काका, तुमच्या मंगल कार्यालयाच्या मालकांसाठीच हे कलम आहे. नव्याला तुम्ही स्वतः घेऊन गेलात तर ते भाड्याचा दर सांगतील असं मला वाटत नाही. बैठका वाचनालयातच, आणि रविवारी सकाळी. ध्वनिमुद्रण, वक्त्यांची ने-आण, पावत्या, मंडप ही कामं वेगवेगळ्या नावांवर, कार्यवाहाकडे फक्त यादी.

सहा तासांचा आकडा मी सोडतो, तो बहुतेकांना पटला नाही. रात्री नऊचा नियम सोडणार नाही. तो मी या सोमवारपासून पाळतो आहे. पहिल्या दिवशी अकरा फोन आले, काल चार.

ताळेबंद, एक विचारायचं होतं. त्या दोन विश्वस्तांपैकी एकांचे कुटुंबीय आता गावात नाहीत. बदल अर्जाला मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून आम्हीच काढला तर चालतो का, की घरच्यांकडूनच घ्यावा लागतो? रविवारी दहा वाजता मी वाचनालयात कपाट उघडून बसणार आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.