टक्केवारी म्हणजे ओळख नव्हे
मासा ओळखणारं अ‍ॅप टक्केवारीसकट नाव सांगतं, म्हणजे ते माणसासारखंच ओळखतं, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. चित्रातली वस्तू ओळखणाऱ्या संगणकी मॉडेलांच्या 2012 च्या इमेजनेट स्पर्धेत वस्तूंचे प्रकार होते 1000. अशा मॉडेलला यादीबाहेरचं काहीही दाखवा, शंभर टक्के त्या हजारांतच वाटले जातात.

मालवणच्या बंदरावर अनोळखी मासा आला की गाबतीण, म्हणजे मासे विकणारी बाई, सरळ सांगते, "हो मासो आमच्याकडचो न्हय." पापलेट ओळखीचं, तरी ती कल्ला उचलून लाली बघते, पोट दाबते, वास घेते.

"माहीत नाही" म्हणायची सोय मॉडेलमध्ये मुद्दाम बसवावी लागते. खाण्याच्या माशांसाठी अ‍ॅप करणाऱ्यांनी ती बसवायलाच हवी, कारण जाळ्यात येणारा केंड (फुगणारा मासा) विषारी असू शकतो.