श्रेय नुसतं दिग्दर्शकाचं नव्हे

‘सत्या’ने (१९९८) हिंदीत गँगस्टरपटांचा पायंडा पाडला, असं ‘सत्या’वरच्या या चर्चेत म्हटलं गेलं, पण ते अर्धंच पटतं. ‘परिंदा’ १९८९चा, म्हणजे नऊ वर्षं आधीचा, आणि त्यातली मुंबईही काही कमी काळोखी नव्हती. फरक पडला तो गुंडाच्या घरात कॅमेरा शिरल्यामुळे. ‘सत्या’तल्या भिकू म्हात्रे या गुंडाचं बायकोशी जे भांडण होतं ते शेजारच्या खोलीतून ऐकू यावं तसं आहे, आणि दोन मिनिटांत दोघं हसतातही. आणि त्याचं मरण! निवडणूक जिंकल्याचा जल्लोष चालू असताना भाऊ नावाचा राजकारणी त्याला सरळ गोळी घालतो. ना संवाद, ना आईचा फोटो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा भिकू उठेल म्हणून वाट बघत बसलो होतो.

दिग्दर्शक राम गोपाल वर्मावर इथे बरंच लिहून झालंय, पण पटकथेचा उल्लेख कुणीच केला नाही. ती अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांची. (शुक्ला म्हणजे पडद्यावरचा कल्लू मामा.) गाण्यांचं संगीत विशाल भारद्वाजचं. पुढे कश्यपने ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ केले, भारद्वाजने २००३मध्ये ‘मकबूल’. त्यामुळे प्रभाव शोधायचा तर नकला केलेल्या सिनेमांत कशाला, याच युनिटमधली माणसं पुढे काय करत गेली ते बघा. वर्मांचा स्वतःचा ‘कंपनी’ (२००२) मला तरी जास्त गुळगुळीत वाटतो.