घर विकायचंय आणि दुसरं घ्यायचंय, मोसम कोणता धरावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, पण आता घरात रोज रात्री जेवताना हाच विषय निघतो आणि रोज तिथल्या तिथेच थांबतो, म्हणून शेवटी इथे विचारते. थोडं लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे गेल्या वर्षापासून फारच धरलेत, आता त्या डॉक्टरकडे जायचं असेल तरच खाली उतरतात, एरवी दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरची माणसं बघतात. आधी रोज संध्याकाळी दोन तास बाहेर असायच्या त्या. मला बघवत नाही ते. म्हणून हे घर विकायचं आणि तळमजल्याचं नाहीतर लिफ्टवालं, एक खोली जास्तीची असलेलं घर घ्यायचं हे नक्की झालंय. मुलगा सातवीत आहे, त्यामुळे त्याची शाळा मध्येच तुटायला नको एवढंच बघायचंय. कधी विकायचं आणि कधी घ्यायचं ते मात्र ठरत नाहीये.

आत्ता आमच्याकडे पावसाळा संपत आलाय. ब्रोकर म्हणतात थांबा, सध्या उठाव नाही, मुलांच्या वार्षिक परीक्षा झाल्या की लोक घरं बघायला बाहेर पडतात तेव्हा काढा, चांगला भाव येईल. धाकटे दीर म्हणतात वहिनी, तेव्हा सगळेच विकायला काढतात, आपलं घर गर्दीतलं एक होईल, आणि तेव्हाच आपल्याला घ्यायचंही आहे म्हणजे घेताना पण जास्तच मोजावे लागणार, मग मिळालं काय त्यात? मला दोघांचंही ऐकताना पटतं.

स्वतः थोडं वाचलं. रेचल न्गाई आणि सिल्वाना टेनरेरो या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २०१४ सालचा एक शोधनिबंध आहे, अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू मध्ये आलेला. त्यात त्यांनी ब्रिटन आणि अमेरिकेतले आकडे घेऊन दाखवलंय की वर्षाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत, म्हणजे तिकडचा वसंत आणि उन्हाळा, घरांच्या किमती आणि व्यवहार दोन्ही चढतात आणि हिवाळ्यात दोन्ही उतरतात, आणि हे दर वर्षी होतं. मला आधी प्रश्न पडला की हे सगळ्यांना माहीत असताना लोक हिवाळ्यापर्यंत थांबून स्वस्तात का घेत नाहीत? त्यांचं उत्तर मला खूप आवडलं, की बाजारात घरं जास्त असली की आपल्याला नेमकं हवं तसं घर सापडायची शक्यता वाढते, आणि मनासारखं घर मिळालं की माणूस दोन पैसे जास्त द्यायला तयार होतो, म्हणून मग विकणारेही त्याच वेळी येतात आणि पुन्हा घरं वाढतात. शिवाय बहुतेक लोक आमच्यासारखेच, एक विकून दुसरं घेणारे, त्यामुळे दोन्ही बाजूंना तीच माणसं असतात.

आता माझी भीती सांगते. हे घर आम्ही घेतलं ते ऐन उन्हाळ्यात, कडक ऊन, भिंती कोरड्या ठणठणीत, नुकताच रंग दिलेला, घर नुसतं चमकत होतं. चार ठिकाणी फिरून दमलो होतो आणि आमच्या मागोमाग अजून दोन कुटुंबं बघून गेली असं कळल्यावर घाईघाईत टोकन देऊन टाकलं. पहिल्या मोठ्या पावसात बेडरूमच्या कपाटामागची अख्खी भिंत ओली झाली. मुलगा तेव्हा लहान, त्याला त्या खोलीत झोपवलं की रात्रभर खोकायचा. दोन पावसाळे गेले ते निस्तरण्यात आणि विकणाऱ्यांनी नंतर फोनच उचलला नाही. आता भिंत दुरुस्त आहे, या पावसाळ्यात थेंबही आलेला नाही, पण तेव्हापासून गर्दीच्या मोसमात घर घ्यायचं म्हटलं की मला धडकीच भरते.

तर विचारायचं असं की विकणं आणि घेणं एकाच मोसमात करावं की वेगवेगळ्या, मध्ये सहा महिने भाड्याने राहावं का, आणि आत्ता थंड बाजारात घर विकायला काढलं तर फार नुकसान होतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

– ओसरी

---

ओसरीताई, तुमच्या दिरांचं अर्धं बरोबर आहे पण हिशोब शेवटपर्यंत करून बघा. समजा थंड मोसमात तुमचं घर १०० ला जातंय आणि हवं ते १५० ला मिळतंय. तेजीत दोन्ही ५ टक्क्यांनी चढतात असं धरू, आकडा फक्त हिशोबापुरता घेतोय, तुमच्याकडे कमी किंवा जास्त असू शकतो. तर दोन्ही व्यवहार तेजीत केले तर १०५ आले आणि १५७.५ गेले, खिशातून ५२.५. दोन्ही मंदीत केले तर १०० आले, १५० गेले, खिशातून ५०. म्हणजे लहान घरातून मोठ्या घरात जाणाऱ्याला मंदीच फायद्याची, कारण टक्का तोच असला तरी मोठ्या रकमेवरचा टक्का मोठा. मोठं विकून लहान घेणाऱ्याचं नेमकं उलटं, त्याने दोन्ही तेजीत करावं.

आता तेजीत विकून मंदीत घेतलं तर १०५ आले, १५० गेले, खिशातून ४५, म्हणजे कागदावर सगळ्यात स्वस्त. पण मध्ये सहा महिन्यांचं भाडं, डिपॉझिट, ब्रोकरेज, दोनदा सामान हलवणं, आणि तुमच्या केसमध्ये गुडघे दुखणाऱ्या आजींना दोनदा नव्या जागेत बसवणं. तो वाचलेला ५ त्यात पुरतो का ते तुमच्या भागातलं भाडं बघून मांडा, बहुतेक वेळा पुरत नाही असं माझं मत. आणि मधल्या काळात बाजारच वर गेला तर तुमचे पैसे हातात आणि घर मात्र हातातून गेलेलं.

– तिरकामचाकोन

---

मी पावसाळ्यात घर बघितलं आणि घेतलं, आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर तेव्हाच बघेन. पण एक सांगते, पाऊस चालू असताना लगेच जाऊ नका, भिंतीतून पाणी आत यायला वेळ लागतो, मोठा पाऊस पडून एक दोन दिवस गेले की जा. कपाटाच्या मागे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, वरचा मजला असेल तर छताला, आणि बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला हात लावून बघा, नुसतं डोळ्यांनी बघू नका. पावसानंतर वाढते आणि उन्हात सुकते ती ओल बाहेरच्या भिंतीची, आणि बारा महिने एकसारखी असते ती बहुतेक नळाची नाहीतर ड्रेनेजची, दोन्हींचा इलाज वेगळा आणि खर्चही वेगळा.

कोरड्या दिवसांत बघायची वेळ आलीच तरी खुणा राहतात. विटा आणि सिमेंटमधला क्षार पाण्यात विरघळून वर येतो, पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी मागे राहते, त्यालाच आपण लोणा म्हणतो. रंगाचे पोपडे, एकाच भिंतीला ताजा रंग आणि बाकीच्या जुन्या, कपाट उघडल्यावर कुबट वास, यातलं काहीही दिसलं तर थेट विचारायचं. आणि उन्हाळा संपायच्या आत एकदा तरी दुपारी पाणी किती वेळ येतं ते शेजाऱ्यांना विचारा, ते पावसाळ्यात कुणालाच आठवत नाही.

– पागोळी

---

पागोळी यांच्या प्रतिसादात उजेडाची भर घालतो, कारण यात आम्ही फसलो होतो. सूर्य वर्षभरात २३.५ अंश उत्तरेला आणि तितकाच दक्षिणेला सरकतो, म्हणजे एकूण ४७ अंशांचा फरक. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात दुपारचं ऊन खालून तिरकं येतं, दक्षिणेकडच्या गॅलरीतून पार आतपर्यंत पोचतं, आणि तीच गॅलरी उन्हाळ्यात सावलीत असते. पश्चिमेच्या खिडकीचं उलट, थंडीत बरी वाटते आणि उन्हाळ्यात दुपारी तीननंतर खोलीत बसवत नाही. दक्षिण गोलार्धात राहणाऱ्यांनी दक्षिणेच्या गॅलरीच्या जागी उत्तरेची वाचावी, पश्चिमेचं तसंच राहतं. म्हणून कुठल्याही मोसमात घर बघितलं तरी दुसऱ्या मोसमात तिथे काय असेल हे दिशा बघून आधी मनात मांडायचं. तुमच्या सासूबाई दिवसभर खिडकीशी बसतात असं लिहिलंय, मग ती खिडकी कुठल्या दिशेची मिळते हे तर खूपच महत्त्वाचं.

– उन्हाचातुकडा

---

थंड बाजारात विकलंय आम्ही, हिवाळ्यात, त्याबद्दल सांगतो. बघायला येणारे खूप कमी, आठवड्याला एखादं कुटुंब, कधी तेही नाही. पण जे येतात ते टाइमपास म्हणून येत नाहीत, कुणाची बदली झालेली असते, कुणाला घरमालकाने जागा सोडायला सांगितलेलं असतं, त्यांना घर हवंच असतं. फक्त तुमची निकड त्यांना कळली की ते भाव पाडायला बसतात, त्यामुळे कितीच्या खाली जायचं नाही हे घरात आधी ठरवून ठेवा आणि मग बोलायला बसा. दुसरं म्हणजे सुरुवातीलाच फार चढा भाव सांगून घर महिनोन्महिने पडून राहू देऊ नका, जाहिरात जुनी झाली की लोकांना वाटतं काहीतरी खोट असणार. फोटो मात्र आत्ताच, पाऊस उघडल्यावर झाडं हिरवी आणि हवा स्वच्छ असते तेव्हा काढून ठेवा, घर कधीही विकायला काढलं तरी ते उपयोगी पडतात. रंगकाम भिंती पूर्ण सुकल्याशिवाय करू नका, ओल्या भिंतीवरचा रंग काही महिन्यांत सुटतो आणि नेमकं बघायला आलेल्या माणसाच्या समोर दिसतो.

– दारावरचीपाटी

---

मोसमाच्या नादात लोनचा व्याजदर विसरू नका. २० वर्षांचं लोन ८ टक्क्यांऐवजी ९ टक्क्यांनी घ्यावं लागलं तर ईएमआय साधारण साडेसात टक्क्यांनी वाढतो. म्हणजे बाजार थंड व्हायची वाट बघताना दर चढला तर भावात वाचवलेलं सगळं तिकडे गेलं. दर तरता (फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणारा) असेल तर पुढे उतरूही शकतो, पण त्यावर घराचं बजेट बेतू नये.

आणि बातम्यांमध्ये या महिन्यात घरं महागली असं वाचलंत तर मागच्या महिन्याशी केलेली तुलना सोडून द्या, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना बघा, नाहीतर मोसमाचा चढउतार आणि खरी भाववाढ यांची गल्लत होते. शिवाय नोंदणीचे आकडे हे महिना दोन महिने आधी ठरलेल्या सौद्यांचे असतात, बाजार प्रत्यक्षात त्याच्या पुढे गेलेला असतो.

– बेरीजवजाबाकी

---

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री तिरकामचाकोन यांचा हिशोब नवऱ्याला आणि दिरांना कागदावर करून दाखवला, आमचे आकडे घालून. आमच्याकडच्या भाड्याने सहा महिने काढले तर वाचलेले जवळजवळ सगळे पैसे त्यातच जातायत, आणि सासूबाई म्हणाल्या मला दोनदा हलवू नका गं, एकदाच काय ते न्या. तिथेच भाड्याचा विषय संपला.

तर आता असं ठरतंय की दोन्ही थंड मोसमातच करायचं. शोधायला आजपासून सुरुवात, कारण अजून अधूनमधून पाऊस आहे तोवर भिंती बघून होतील. आधी पसंत करून ठेवायचं, आपल्या घराला गिऱ्हाईक पक्कं झाल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, आणि आमचं घर घेणाऱ्यांकडून ताबा द्यायला शाळेच्या सुट्टीपर्यंतची मुदत मागायची, म्हणजे मुलाचं वर्षही पुरं होईल. त्यासाठी भावात थोडं कमी करायची आमची तयारी आहे. दुरुस्त केलेल्या भिंतीचं येणाऱ्यांना स्वतःहून सांगणार आहे, केव्हा काय केलं, कुणाकडून केलं, बिलं पण दाखवीन. आमच्यावर जे आलं ते दुसऱ्या कुणाच्या मुलावर यायला नको.

काल संध्याकाळीच एक घर बघून आलो. तळमजला, पूर्वेची खिडकी, समोर रस्ता. परवा रात्री जोराचा पाऊस झाला होता म्हणून मुद्दाम काल गेलो, सगळ्या भिंतींना हात लावला, स्वयंपाकघराच्या सिंकखालची सोडली तर बाकी कोरड्या. ती सिंकखालची आता उघडीप पडली की आठ दहा दिवसांनी परत बघायची, तेव्हाही तशीच असली तर नळाची समजायची, बरोबर ना पागोळी? आणि ताबा उशिरा द्यायचा असेल तर करारात ते कसं लिहून घेतलंत, उशीर झाला तर भाडं धरलं की दंड, हे कुणी केलं असेल तर सांगा, पुढच्या आठवड्यात एक जण आमचं घर बघायला येतायत.

– ओसरी